जागा कोणाच्या नावावर?

परदेशातला एक बधिर ख्रिस्ती समुदाय स्वतःचं चर्च बांधू पाहतो आहे आणि त्याला मदत हवी आहे, असं आवाहन एखाद्या रविवारी वसईतल्या धर्मग्रामात वाचून दाखवलं, तर काय होईल? पेटी फिरेल, काही नोटा पडतील आणि पुढच्या रविवारी दुसरा विषय येईल. एवढ्यावर हा विषय संपू नये, असं मला मनापासून वाटतं. अशा चर्चला पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर कशाच्या भरवशावर, याचा नीट विचार व्हायला हवा. म्हणून इथे दोन बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. काका बँकेतून निवृत्त झालेले, धर्मग्रामाच्या वित्त समितीत अनेक वर्षं काम केलेले. पुतणी बधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका आणि मिस्सेत दुभाषी. माणसं कल्पनेतली आहेत, त्यांचा वाद खरा आहे.

काका : मदतीला माझी ना नाही. पण वेगळं चर्च कशासाठी, हे आधी समजू दे. वेदी एक, प्रभुभोजन एक. भाषेवरून, आवडीनिवडीवरून प्रत्येकाने वेगळी चूल मांडली तर धर्मग्राम म्हणायचं कशाला? वेदीच्या बाजूला एक दुभाषी उभा करा. खर्च कमी, आणि बधिर माणूस आपल्या घरच्यांबरोबर एका बाकावर बसेल.

पुतणी : तो दुभाषी मीच असते, काका. फादरांचं वाक्य ऐकायचं, अर्थ लावायचा, मग हातांनी सांगायचं. म्हणजे मी कायम एक वाक्य मागे. तोवर लोक उठून उभे राहिलेले असतात. समोरच्या माणसाने माझ्याकडे बघायचं, वेदीकडे बघायचं, की कोण उठलं आणि कोण गुडघे टेकतंय ते बघायचं? ईस्टरच्या आदल्या रात्री जागरणाचा विधी सुरू होतो तेव्हा चर्चमधले सगळे दिवे घालवतात. आपल्याला त्या अंधारात प्रार्थना ऐकू येते. त्यांना माझे हातही दिसत नाहीत. वर्षातली सगळ्यात मोठी उपासना त्यांच्यासाठी अशी सुरू होते.

काका : तुझ्यावर एक छोटा दिवा लावता येईल.

पुतणी : येतो, आणि लावतातही. पण त्या दिव्याने फक्त मी दिसते. बधिर माणसाने पुढे येऊन पहिलं वाचन करावं, श्रद्धावंतांच्या प्रार्थना सांगाव्यात, पॅरिश कौन्सिलमध्ये आपलं मत मांडावं, हे दिव्याने होत नाही. त्यांच्यापर्यंत देवाचं वचन पोचतं ते माझ्या हातून. मी तापाने झोपले की त्यांचा रविवार गेला. कुमसाराचंच घ्या. जाळी, पडदा, मंद उजेड, कुजबुज, ही सगळी रचना कानासाठी केलेली आहे. बधिर माणसाला समोरासमोर आणि उजेडात बसावं लागतं. खुणा तर चर्चच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येतात, मग उघड्यावर आपली पापं कोण सांगेल? फादरांना सांकेतिक भाषा येत नसेल तर मधे दुभाषी बसतो. देव, धर्मगुरू आणि आपण एवढ्यांतच राहायची गोष्ट चौथ्याला कळते. अशा वेळी एखाद्याने कुमसाराला जाणंच सोडलं, तर दोष कोणाला द्यायचा?

काका : कुमसाराचं मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. पण तू म्हणतेस ते एका बंद खोलीने आणि सांकेतिक भाषा शिकलेल्या धर्मगुरूने सुटेल. त्यासाठी अख्खी इमारत?

पुतणी : सोल शहराचं उदाहरण सांगते. पार्क मिन-सो हे आशियातले पहिले बधिर कॅथलिक धर्मगुरू, २००७ मध्ये त्यांची दीक्षा झाली. म्हणजे तुम्ही म्हणता तसे धर्मगुरू तिथे होते. दुभाषाची गरज नाही, कुमसार थेट खुणांनी. तरी सगळा समुदाय एकत्र बसेल अशी जागा हवीच होती. त्यासाठी फादर पार्क स्वतः धर्मग्रामामागून धर्मग्राम फिरले, दीडशेच्या आसपास. तिथल्या ऐकू येणाऱ्या लोकांसमोर उभे राहिले आणि मदत मागितली. शेवटी मजांग-दोंग भागात इफ्फाथा चर्च उभं राहिलं आणि २५ ऑगस्ट २०१९ ला कार्डिनल यम सू-जंग यांनी त्याचं समर्पण केलं. सुमारे ३०० लोक बसतील एवढं चर्च, कुठल्याही बाकावरून वेदी दिसेल अशी मांडणी आणि मोठा एलईडी पडदा.

काका : पडदा तर आता लग्नाच्या हॉलमध्येही असतो.

पुतणी : पडदा शेवटी येतो. आधी नजर येते. वेदीमागे मोठी काचेची खिडकी असली की आपण म्हणतो, काय सुंदर उजेड. पण त्या उजेडासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे हात आणि चेहरा काळे दिसतात. आपल्या जुन्या चर्चमधले खांब आपल्याला वैभवाचे वाटतात. खांबामागे बसलेल्या बधिर माणसासाठी मिस्सा तिथेच संपते. सरळ ओळींत मांडलेल्या बाकांवर पुढच्याची फक्त पाठ दिसते. बाकं अर्धगोल मांडली की एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि सांकेतिक भाषेत अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. भिंतीचा रंगही असा लागतो की त्यापुढे हात उठून दिसले पाहिजेत. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाने गेल्या वीसेक वर्षांत याचं एक शास्त्रच उभं केलं आहे, ‘डेफस्पेस’ नावाचं. जुन्या चर्चमध्ये यातलं थोडं जमवता येतं, सगळं नाही. खांब काढता येत नाहीत.

काका : बरं. इमारतीला कारण आहे, एवढं मानलं. आता माझी खरी शंका. बांधकामाला देणगीदार मिळतो, बिलाला मिळत नाही. मी आयुष्यभर बांधकामाचे हिशेब पाहिले. पैसा जोत्यापर्यंत उत्साहाने येतो, स्लॅबपर्यंत धापा टाकत येतो आणि पावसाळ्यात गळायला लागलं की कोणी येत नाही. बधिरांचा समुदाय लहान, शहरभर विखुरलेला, बऱ्याच जणांची कमाई बेताची. शिवाय आता ऐकू यावं म्हणून कॉक्लिअर इम्प्लांट आलं. तीस वर्षांनी तिथे किती लोक येतील? त्यापेक्षा तोच पैसा शिक्षकांवर, दुभाषांवर, मुलांच्या फीवर लावला तर?

पुतणी : इम्प्लांट लावलेली मुलं माझ्या वर्गात आहेत. शांत खोलीत त्यांना बरंच कळतं. मोठ्या, घुमणाऱ्या चर्चमध्ये लाउडस्पीकरचा आवाज एकमेकांत मिसळतो आणि तीच मुलं माझ्या हातांकडे बघायला लागतात. माणसं की भिंती, या तुमच्या प्रश्नावर मला अँड्र्यू फॉस्टर आठवतात. अमेरिकेतले कृष्णवर्णीय गृहस्थ, अकराव्या वर्षी मेंदूज्वराने बहिरे झाले. १९५४ मध्ये त्यांनी गॅलॉडेटमधून पदवी घेतली, आणि तिथून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून ते ओळखले जातात. १९५७ मध्ये ते घानात गेले. सुरुवात इमारतीपासून केलीच नाही. दिवसाची शाळा सुटल्यावर उसन्या वर्गात बधिर मुलांना शिकवायला लागले. १९८७ मध्ये रवांडात विमान अपघातात ते गेले, तोवर आफ्रिकेतल्या १३ देशांत तीसहून अधिक शाळा त्यांनी सुरू केल्या होत्या. आठवडाभर शाळा, रविवारी तिथेच उपासना.

काका : मग हे तर माझ्याच बाजूचं झालं. आधी माणूस, मग भिंत.

पुतणी : अर्धं तुमच्या बाजूचं. त्या शाळा टिकवायला जागा लागलीच, आणि जागेला पैसा. फॉस्टर दरवर्षी अमेरिकेत परत जायचे, चर्चमागून चर्च फिरून बोलायचे, निधी गोळा करून पुन्हा आफ्रिकेत यायचे. उसनी जागा चांगली, पण ती मालकाला हवी झाली की आपण बाहेर.

काका : आता फॉस्टरांचं नाव काढलंस तर दुसरी बाजूही सांग. ते अमेरिकेची सांकेतिक भाषा घेऊन गेले. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत आज बधिर लोक जी भाषा वापरतात ती त्या अमेरिकन खुणांतून आलेली आहे. घानातल्या आदामोरोबे गावात बधिरांची स्वतःची जुनी भाषा होती. ती आता मागे पडते आहे. परदेशी पैसा आला की त्याबरोबर देणाऱ्याची सवय, देणाऱ्याची भाषा, देणाऱ्याचा आराखडाही येतो. आपण वसईतून पैसे पाठवले तर आपणही तेच करणार नाही कशावरून?

पुतणी : हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि मला तो टाळायचा नाही. फॉस्टरांनी दिलेलं मोठं होतं. ज्यांना शाळेच्या दारात उभं केलं जात नव्हतं, ती मुलं शिक्षक झाली, पाळक झाली. पण भाषेची किंमतही मोजावी लागली. म्हणून मी म्हणेन, पैसे देणाऱ्याने आराखड्यावर बोलू नये. चर्चमध्ये कोणत्या खुणा चालतील, बाकं कशी असतील, वेदीवर काय असेल, हे तिथल्या बधिर लोकांनीच ठरवायचं. आपला फलक लावायचा नाही, आपल्या पद्धतीचं प्रवचन मागायचं नाही.

काका : म्हणजे पैसे द्यायचे आणि तोंड मिटून बसायचं?

पुतणी : हिशेब मागायचा. हुकूम सोडायचा नाही. हिशेब बँकेत मागतात तसा मागा, पै-पैचा. त्यात कोणाचा अपमान नाही.

काका : एकतेचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू बहिऱ्या माणसाला बरं करतो आणि तो माणूस लोकांसारखा बोलायला लागतो. वेगळा राहत नाही.

पुतणी : त्याच प्रसंगात येशू त्याला आधी गर्दीतून बाजूला नेतो. त्याच्या कानांना बोटं लावतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे बघतो. म्हणजे त्या माणसाला कळेल अशा रीतीने, हातांनी, आधी त्याच्याशी बोलतो. आणि तो माणूस बरा झाला होता, काका. माझे विद्यार्थी आजारी नाहीत. त्यांना भाषा आहे. हवी आहे ती त्या भाषेची जागा. आपली मराठी मिस्सा वसईत आहे म्हणून मुंबईच्या इंग्रजी मिस्सेशी आपलं नातं तुटलं का?

काका : नाही तुटलं. पण मराठी माणूस इंग्रजी मिस्सेलाही जाऊन बसू शकतो. बधिर माणूस एकदा आपल्या चर्चमध्ये गेला की बाकीची चर्च त्याच्यासाठी काही करणारच नाहीत. म्हणतील, तुमची सोय झाली ना तिकडे.

पुतणी : ही भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय करायला हवा. पण इतिहास पाहा. १८८० मध्ये मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली आणि शाळांत सांकेतिक भाषेऐवजी बोलण्यावरच भर द्यायचा ठराव झाला. त्यानंतर कितीतरी देशांत शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. मुलांना हात बांधल्यासारखं बसावं लागलं. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत. मधल्या काळात सांकेतिक भाषा जिवंत राहिली ती बधिरांच्या क्लबांत आणि त्यांच्या चर्चमध्ये. सगळीकडे शिक्षक, डॉक्टर, अधिकारी ऐकू येणारे. रविवारी मात्र आपल्या भाषेत बोलायला कोणाची परवानगी लागत नव्हती. अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार दहांपैकी नऊहून जास्त बधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरात जन्मतात. घरी कित्येकदा भाषाच नसते, जेवताना सगळे बोलतात आणि बधिर मूल एकटं ताटाकडे बघत राहतं. म्हणून बधिरांची मिस्सा संपली तरी लोक तासन्‌तास निघत नाहीत. आपण मिस्सा संपल्यावर दहा मिनिटांत गाडीजवळ असतो. त्यांना आठवडाभराचं बोलायचं असतं.

काका : हे मी आपल्याकडे पाहिलंय. एका सणाला बाहेर दोन बधिर मुलगे एकमेकांशी खुणा करत होते. सगळे पांगले, तरी ते हलले नव्हते. पण मग परदेश कशाला? तिथे सोल आहे, इथे आपण आहोत. इथल्या बधिरांचं काय?

पुतणी : इथेही करायचं आहे. मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांनी बधिर मुलांची शाळा काढली, देशातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. ते बाहेरून आलेले होते. तेव्हा युरोपातल्या लोकांनी ‘मुंबईला कशाला पैसे’ असं म्हटलं असतं तर? आणि आपल्याकडचा पहिला बधिर कॅथलिक धर्मगुरू २०२४ मध्ये केरळात त्रिशूरला अभिषिक्त झाला. आपल्याकडे वाट आत्ता सुरू होते आहे. सोलने काय केलं, आफ्रिकेत काय चुकलं, हे समजून घेतलं तर आपल्याला ते उपयोगी पडेल. देणं घेणं दोन्ही बाजूंनी चालायला हवं.

काका : मग व्यवहाराचं बोलू. धर्मग्रामाच्या ट्रस्टने परदेशात पैसे पाठवायचे म्हटले तर ते सोपं नाही. धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर त्या रकमेवरची आयकराची सूट मिळत नाही, आधी मंजुरी घेतली असेल तरच मिळते. म्हणून ट्रस्टच्या खात्यातून एक रुपया हलवायचा नाही. एकेका माणसाने स्वतःच्या नावाने बँकेमार्फत पाठवावे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, देणगीही त्यात बसते. आपल्यापैकी कोणी त्या आकड्याच्या जवळपास जाणार नाही. या देणगीवर आयकराची सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगायचं. आपली कॅनडात, आखातात असलेली मुलं तिथूनच देतील. आणि रोख पेटी नाही. पेटीतल्या पैशाला नाव नसतं, हिशेब नसतो.

पुतणी : मान्य. माझीही एक अट. केविलवाणे फोटो नाहीत. डोळ्यांत पाणी आलेलं मूल, कानाला हात लावून बसलेली म्हातारी, खाली ‘यांचं दुःख ऐका’. दया दाखवून गोळा केलेला पैसा बांधकामाला पुरेल, पण त्या चर्चमध्ये बसणाऱ्यांना कायमचं याचक करून ठेवेल. फादर पार्क दीडशे धर्मग्रामांत गेले तेव्हा लोकांसमोर एक बधिर धर्मगुरू उभा होता, त्यांच्याच वेदीपाशी. निधी जमवताना ऐकू येणाऱ्या लोकांना बधिर माणूस धर्मगुरू असू शकतो हे दिसलं. ते दिसणं मला देणगीइतकंच मोलाचं वाटतं. आपल्याकडेही आवाहन करायला बधिर माणसालाच उभं करायचं. तो खुणांनी बोलेल आणि मी आवाज देईन.

काका : हे मला आवडलं. तेव्हा दुभाषाची गरज आम्हाला असेल.

पुतणी : हो, त्या दिवशी पाहुणे आपण असू.

काका : आता माझा शेवटचा प्रश्न, आणि तो मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता. जमीन कोणाच्या नावावर? लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर बधिरांसाठी सेंट सेव्हिअर्स नावाचं चर्च होतं. १८७० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने कोनशिला बसवली, तीनेक वर्षांत ते उघडलं. शहराच्या मध्यावर, देणगीदार मोठमोठे. पण जमीन भाडेपट्ट्याची होती. १९२० च्या दशकात ते पाडलं गेलं आणि समुदायाला पश्चिमेला अॅक्टनला जावं लागलं. तिथे १९२५ मध्ये नवं चर्च बांधलं. पन्नासएक वर्षांची पुण्याई आणि जागा मात्र दुसऱ्याची.

पुतणी : त्याच काळातलं अमेरिकेचं उदाहरण आहे. हेन्री विंटर साईल हे तिथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये १८७६ मध्ये अभिषिक्त झालेले पहिले बधिर धर्मसेवक. १८८८ मध्ये फिलाडेल्फियात बधिरांसाठी ऑल सोल्स चर्च सुरू झालं ते त्यांच्या पुढाकाराने. बधिर माणूस नेता असला की मालकीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जातो.

काका : तर मग आवाहन आलं की उत्तरात मी हे लिहीन. जमीन बधिरांच्या समुदायाच्या, त्यांनी निवडलेल्या विश्वस्तांच्या नावावर आहे का? बांधकाम समितीत निम्म्याहून जास्त बधिर माणसं आहेत का? वीज, पाणी, डागडुजी यांसाठी बांधकामाआधीच बाजूला काढलेली रक्कम किती? हे तीन कागद हातात आले की मी स्वतः पहिला चेक लिहीन आणि दारोदार फिरेन.

पुतणी : चौथा प्रश्न मी घालते. पन्नास वर्षांनी तिथे माणसं कमी झाली आणि त्यांनी ती जागा विकायची ठरवली तर?

काका : विकायची? लोकांनी देवाच्या घरासाठी दिलेले पैसे?

पुतणी : मालकी म्हणजे ठेवण्याचा हक्क, तसाच सोडण्याचाही. त्यांना विकता येणार नसेल तर ती जागा त्यांची नाहीच, आपण त्यांना सांभाळायला दिलेली आहे. उद्या त्यांना तीन लहान प्रार्थनागृहं हवी वाटली, किंवा बधिर वृद्धांसाठी घर हवं वाटलं, तर ते त्यांनीच ठरवायचं.

काका : वित्त समितीत हे पास करून घ्यायला मला जड जाईल. पण तुझं चूक नाही. मग लिहू असं, की विक्री झाल्यास येणारी रक्कम बधिर समुदायाच्याच कामाला लागेल, दुसऱ्या कुठल्या खात्यात जाणार नाही, आणि निर्णय त्यांच्या सभेत, त्यांच्या भाषेत होईल. हे वाक्य करारात असलं तर मी सही करतो.

पुतणी : त्यांनाही दाखवू या मसुदा, सही करण्याआधी. बदल सुचवायचा असेल तर तो त्यांनी सुचवावा.